माझं निभावलं

पुतण्यानं आपल्या पिकअपच्या हौद्याला भोक पाडायचं ठरवलं, तेव्हा माझ्या पोटात कालवलं. गाडी सेकंडहँड होती, पण हौदा आरशासारखा लख्ख. आपल्याकडं नवा ट्रॅक्टर आणला की माणूस वर्षभर सीटवरचं प्लॅस्टिक काढत नाही. आणि हा पठ्ठ्या चार इंची भोक पाडायला निघालेला, तेही बरोबर मधोमध.

ही २०१९ च्या मार्चातली गोष्ट. तीन महिन्यांसाठी मी टेक्सासला त्याच्याकडं गेलो होतो. सॅन अँटोनिओ शहरापासून तासाभराच्या अंतरावर त्याची बारा एकर जागा आहे. नोकरी शहरातली, पण रक्त वाळवा तालुक्यातलं. त्यामुळं हौसेनं सात-आठ गाया बाळगल्यात. तिकडं वैरणीच्या पेंढ्या नसतात. गवताच्या मोठाल्या गोल गाठी असतात, एकेक चारशे-साडेचारशे किलोची. त्या आणायला आणि वासरं बाजाराला न्यायला त्यानं एक जुना ट्रेलर घेतला होता. त्या जातीच्या ट्रेलरला 'गूजनेक' म्हणतात, म्हणजे हंसाची मान. नाव अगदी चपखल आहे. साधा ट्रेलर गाडीच्या पाठीमागं खाली हुकाला अडकवतात. ह्या ट्रेलरची मान मात्र उंच होऊन गाडीच्या मागच्या फाळक्यावरनं आत येते, वाकते आणि हौद्याच्या मध्यावर असलेल्या एका लोखंडी गोळ्यावर टोपी घातल्यासारखी बसते.

"मागं हूक असताना हौदा कशाला फोडायचा?" मी विचारलं.

पुतण्या म्हणाला, "काका, तुम्ही एवढी वर्षं ऊस ओढलाय. ट्रॅक्टर पुढनं का उचलतो, सांगा की."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आपला हूक मागच्या आसाच्या पाठीमागं असतो. चढाला लागलं की ट्रॉलीचं वजन मागं ओढतं आणि ट्रॅक्टर घोड्यासारखा तोंड वर करतो. मग बॉनेटवर दोन गडी बसवायचे, नाहीतर पुढं दगड बांधायचे. गूजनेकचा गोळा मागच्या आसाच्या डोक्यावर, किंवा किंचित पुढं असतो. सगळा भार सरळ आसावर उतरतो, गाडीची चारी चाकं जमीन धरून राहतात. सोपी गोष्ट होती, पण आयुष्यभर बॉनेटवर माणसं बसवली तरी आपल्याला ती सुचली नाही.

मदतीला शेजारचा म्हातारा आला होता. पंच्याहत्तरीचा, जन्म गुरांत गेलेला. बोलायला कमी आणि हाताला सावकाश. त्यानं माप एकदा घेतलं, पुसलं, परत घेतलं, परत पुसलं. मी मनात म्हटलं, आमचा गावचा वेल्डर एवढ्या वेळात दोन ट्रॉल्या बनवून चहा पिऊन आला असता. मग बारीक ड्रिलनं आधी एक छोटं भोक पाडलं. म्हातारा खाली झोपून बघून आला, की वरून केलेलं भोक खाली डिझेलच्या टाकीवर, ब्रेकच्या नळीवर किंवा वायरीवर तर उतरत नाही ना. त्यानंतर मोठं भोक पाडलं. कापलेल्या कडेवरची धार कानशीनं मोडली आणि गंज धरू नये म्हणून तिला रंग लावला. तो रंग पुढं कधीच कुणाला दिसणार नव्हता.

खालची लोखंडं चेसिसला बसवताना वेल्डिंगची ठिणगीसुद्धा उडाली नाही. मशिन उचलून डाग मारायचा हा आपल्याकडचा सरळ हिशोब. इथं कंपनीनं चेसिसला आधीच ठेवलेल्या भोकांतून बोल्ट घातले, यू-बोल्टनं आवळले. आवळायला साधा पाना नव्हता. ठरलेला जोर लागला की 'कट्' असा आवाज करणारा पाना होता. पुस्तकात आकडा दिलेला, त्या आकड्याला पाना लावायचा, आवाज आला की थांबायचं. मी म्हणालो, "अजून अर्धा आटा बसतोय की." म्हाताऱ्यानं मान हलवली. जास्त आवळलेला बोल्टही तुटतो. शिवाय पन्नासेक मैल गाडी चालवून झाली की सगळे बोल्ट परत तपासायचे.

जोडाच्या पट्टीवर तीस हजार पौंड असं कोरलेलं होतं. म्हणजे साडेतेरा टनाच्या वर. मी म्हटलं, मग काय, दोन ट्रॉल्यांचा ऊस बसंल. पुतण्यानं ते म्हाताऱ्याला इंग्रजीत सांगितलं. तो हसला आणि म्हणाला, तो आकडा नुसत्या ह्या लोखंडाचा आहे. गाडीचा वेगळा, गोळ्याचा वेगळा, ट्रेलरचा वेगळा. त्यातला जो सगळ्यात लहान, तो खरा.

गोळा बसला, कुलूपही बसलं. मला वाटलं काम संपलं. तर त्यानं गोळ्याच्या दोन्ही बाजूंना आणखी दोन भोकं पाडली. त्यांतून स्प्रिंगच्या कड्या वर काढल्या. त्या ट्रेलरच्या दोन साखळ्या अडकवण्यासाठी. त्याशिवाय एक बारीक तार. ट्रेलर कधी सुटलाच तर ती तार ओढली जाते, ट्रेलरवरच्या बॅटरीचा स्विच चालू होतो आणि ट्रेलरचे ब्रेक आपोआप लागतात.

मी पुतण्याला म्हटलं, "गोळा एवढा मजबूत, त्याला कुलूप. मग साखळी कशाला, आणि साखळी असताना तार कशाला? ह्या बाबाला विचार, त्याच्या जन्मात ट्रेलर कधी सुटलाय का?"

त्यानं विचारलं. म्हातारा हात पुसत म्हणाला, "एकदाही नाही."

"मग?"

"मग काय? सुटला नाही हे माझ्या हातात नव्हतं. साखळी लावणं होतं."

पुतण्यानं मला ते मराठीत सांगितलं आणि तो हत्यारं गोळा करायला लागला. मी तिथंच फाळक्यावर बसून राहिलो. त्या रात्री मला झोप आली नाही. जेवताना सूनबाईनं विचारलं, "काका, बरं नाही का?" मी म्हटलं, हवा मानवेना. पण हवा काही वाईट नव्हती, रस्त्याच्या कडेला निळी फुलं फुलली होती. माझ्या डोळ्यापुढं एक सळई होती. वाकडी, हातभर लांब, वीस मिलीमीटरची सळई.

आता ती गोष्ट सांगतो. गावात ती कुणाला सांगितलेली नाही.

१९९७ सालचा फेब्रुवारी. गळीत हंगाम भरात होता. माझा ट्रॅक्टर आणि दोन ट्रॉल्या कारखान्याकडं करारानं लावलेल्या. बीडकडची टोळी फडात होती. ज्यांनी ऊस ओढलाय त्यांना माहिती आहे, त्या चार-पाच महिन्यांत माणूस माणसात नसतो. दिवसा भरणी, रात्री वाहतूक, अड्ड्यावर नंबर लावून ट्रॅक्टरखाली घोंगडी टाकून झोप. एकेका ट्रॉलीत आठ-दहा टन ऊस. पहिली ट्रॉली ट्रॅक्टरला आणि दुसरी ट्रॉली पहिलीला. ह्या सगळ्या ओझ्याचा जीव असतो एका पिनेत. दांड्याच्या कडीतनं हुकात ती पीन वरनं खाली जाते आणि तिच्या खालच्या टोकाला भोक असतं. त्यात छोटी लॉकपीन घालायची, म्हणजे गचका बसला तरी मोठी पीन उडून वर येत नाही. बैलगाडीच्या आसाला चाक निसटू नये म्हणून खीळ असायची, तसलाच प्रकार. वस्तू दोन-चार रुपयांची. पण अंधारात ट्रॉल्या सोडताना-जोडताना ती पाचटात पडते आणि मग सापडत नाही.

आदल्या हंगामात माझी पीन अशीच फडात हरवली. रात्रीचे अकरा वाजलेले, ट्रॉली भरलेली, मुकादम ओरडतोय. वस्तीवर एका घराचं बांधकाम चाललं होतं. तिथनं सळईचा तुकडा उचलला, जाळात घालून वरचं टोक वाकवलं आणि दिली घालून. खाली भोक नाही, म्हणजे लॉकपीन नाही. त्या रात्री निभावलं. दुसऱ्या रात्रीही निभावलं. मग नवीन पीन आणायचं राहूनच गेलं. तो सगळा हंगाम आणि पुढचा अर्धा हंगाम मी त्या सळईवर ओढला. पुढं एका फिटरनं ओळखीत एक पीन दिली म्हणून ती लावली. सळई हत्यारांच्या पेटीत पडली.

आमच्या भावकीत वरच्या आळीचे तात्या आहेत. माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी मोठे. त्यांचाही ट्रॅक्टर कारखान्याला होता. त्या फेब्रुवारीत एका संध्याकाळी रिकामे परतत असताना त्यांनी मला थांबवलं. "आरं, पीन पडली बघ कुठंतरी. हाय का एखादी?"

मी पेटी उघडली आणि सळई काढून दिली. माझे शब्द मला आजही जसेच्या तसे आठवतात. म्हणालो, "घ्या तात्या. दोन हंगाम चाललीया, काय हुत नाय."

तिसऱ्या रात्री ओढ्यावरच्या पुलाच्या चढाला तात्यांचा ट्रॅक्टर खड्ड्यात गचकला. सळई उडाली. मागची ट्रॉली सुटली आणि दहा टन ऊस घेऊन उताराला उलटी मागं गेली. मागं डेअरीला दूध घालून रिकाम्या किटल्या घेऊन सायकलवर परत येणारा एक माणूस होता. शेजारच्या गावचा. घरी बायको आणि दोन लहान पोरं.

तो जागीच गेला.

तात्यांवर गुन्हा दाखल झाला. भारतीय दंड विधानाचं कलम ३०४ अ, हयगयीनं मृत्यूस कारण होणं. त्या कायद्यात त्याला दोन वर्षांपर्यंत शिक्षा होती. आता नव्या न्याय संहितेत ते कलम १०६ झालंय आणि शिक्षा पाच वर्षांपर्यंत गेलीय. पंचनाम्यात 'एक वाकडी लोखंडी सळई' अशी नोंद झाली. सळई कुणाची, असं पोलिसांनी विचारलं तेव्हा तात्या म्हणाले, माझी. केस सहा वर्षं चालली, शेवटी दंडावर भागलं. पण नुकसानभरपाईचा दावा वेगळा. ट्रॅक्टरचा विमा होता, ट्रॉलीचा नव्हता. आपल्याकडं ट्रॉलीचा विमा उतरायचा असतो हेच निम्म्या लोकांना ठाऊक नसतं. तात्यांचा ट्रॅक्टर गेला, विहिरीजवळचं वीस गुंठे रान गेलं.

आणि मी काय केलं? हे कबूल करायला मला बावीस वर्षं आणि एक परदेश लागला. घटनेच्या चौथ्या दिवशी पारावर बोलणं चाललं होतं. कुणीतरी म्हणालं, तात्याचं नशीबच खोटं. तेव्हा मी, हो मीच, मोठ्यानं म्हणालो, "नशीब कशाला? वस्तू तपासल्याबिगर गाडी रस्त्याला आणायचीच कशाला? ह्या माणसाला कधी अक्कलच नव्हती." चार माणसांनी माना डोलावल्या. मला बरं वाटलं. त्या 'बरं वाटण्या'चं काय करायचं, ते मला अजून उमगलेलं नाही.

टेक्सासमधल्या त्या रात्रीनंतर दोन दिवसांनी मी हे सगळं पुतण्याला आणि सूनबाईला सांगून टाकलं. परक्या मुलखात माणसाची जीभ सैल होते. पुतण्या म्हणाला, "काका, तुम्ही नुसती सळई दिली. घालायची का नाही, हे त्यांनी ठरवलं. तुम्ही उगाच जिवाला लावून घेताय." सूनबाई तिकडं कॉलेजात शिकवते. ती जरा वेळ गप्प बसली. मग तिनं सांगितलं, की ह्याच प्रश्नावर १९७६ साली दोन तत्त्वज्ञांनी लिहिलंय. एक बर्नार्ड विल्यम्स, दुसरा थॉमस नेगेल. त्यातल्या नेगेलनं उदाहरणच असं घेतलंय. एका ड्रायव्हरनं ब्रेक तपासून घ्यायचा आळस केला. रस्त्यात पोर आडवं आलं, ब्रेक लागला नाही, पोर गेलं. त्याला जग खुनी ठरवतं आणि तो स्वतःलाही माफ करत नाही. तसाच आळस दुसऱ्या ड्रायव्हरनं केला, पण त्याच्या रस्त्यात पोरच आलं नाही. त्याला कुणी काही म्हणत नाही. दोघांची चूक तेवढीच. फरक फक्त पोर आडवं येण्याचा, आणि तो कुणाच्याच हातात नव्हता. ह्याला त्यांनी 'मॉरल लक' असं नाव दिलंय, ती म्हणाली. आपण नैतिक नशीब म्हणू.

मी म्हटलं, बाई, त्या साहेबानं आमचीच गोष्ट लिहिली की. मी तो दुसरा ड्रायव्हर.

तिथून परत येईपर्यंत आणि आल्यावरही मी ह्याच्यावर विचार करतोय. शिकलेला फारसा नाही, बी.ए.च्या पहिल्या वर्षाला कॉलेज सोडलं. तरी जेवढं सुचलं तेवढं सांगतो.

पहिली गोष्ट आपल्या बोलण्याची. मी सळईवर ओढत होतो तेव्हा कधीकधी गचक्यानं ती दोन बोटं वर आलेली दिसायची. हातोडीनं खाली बसवायचो आणि म्हणायचो, "थोडक्यात वाचलो." आता वाटतं, हे वाक्यच खोटं आहे. मी कुठं वाचलो? मी तर पुढं ट्रॅक्टरच्या सीटवर होतो. ट्रॉली सुटली असती तर मला खरचटलंही नसतं. वाचला असेल तर माझ्या मागनं येणारा कोणीतरी. त्याचं नाव मला माहीत नाही आणि आपण वाचलो हे त्याला माहीत नाही. दोन हंगामात असे किती जण माझ्या मागनं गेले असतील? शाळेची पोरं, बाजारच्या बाया, माझी स्वतःची बहीण.

दुसरी गोष्ट नशिबाची. फळ आपल्या हातात नाही, आपल्या हातात फक्त काम, असं आपण कीर्तनात ऐकतो आणि मान डोलावतो. पीक बुडालं की हेच म्हणून मनाची समजूत घालतो. पण ते खरं मानायचं असेल तर दोन्ही बाजूंनी मानायला पाहिजे. माणूस मेला हे फळ तात्यांच्या हातात नव्हतं, तसंच माणूस मेला नाही हे फळही माझ्या हातात नव्हतं. मग दोघांच्या हातात होतं ते कामच बघायचं. ते काम म्हणजे बिनलॉकची सळई घालणं, आणि ते मी त्यांच्यापेक्षा जास्त रात्री केलं होतं. त्यांनी तीन रात्री केलं, मी दीड हंगाम.

मग आम्ही दोघं सारखेच गुन्हेगार का? इथं मी बराच काळ अडलो. कारण सारखं म्हणावं तर तेही मनाला पटत नाही. एक माणूस मेला. त्याची बायको विधवा झाली. ही गोष्ट तात्यांच्या ट्रॉलीनं झाली, माझ्या नाही. तात्या रात्री दचकून उठतात, मी नाही. त्यांनी मला 'तुझं माझं सारखंच' असं म्हणू दिलं, तरी मी ते म्हणणं म्हणजे दुसऱ्याच्या घरच्या मयताला आपलं मयत म्हणून रडण्यासारखं होईल. आणि दुरून वाईट वाटून घ्यायला पैसा पडत नाही. टेक्सासमध्ये गुबगुबीत गादीवर पडून मी तेच तर करत होतो.

शेवटी मला ते सोसायटीच्या कर्जासारखं दिसायला लागलं. दोघांनी सारखंच कर्ज काढलं. एकाच्या दारात वसुली आली, त्याचं भांडंकुंडं गेलं. दुसऱ्याच्या दारात वसुलीवाला फिरकलाच नाही. म्हणून दुसऱ्याचं कर्ज फिटलं असं होत नाही. आणि ते फिटलं असं समजून त्यानं पहिल्याला 'कर्जबुडव्या' म्हणून पारावर हिणवावं, हे तर कुठल्याच हिशोबात बसत नाही. माझी खरी चूक मला इथं सापडली. सळई देणं ही चूक होतीच, पण ती घाईची, अडाणीपणाची, सगळ्यांचीच. पारावर बोललो ती चूक माझी एकट्याची. निभावलं म्हणून मी स्वतःला शहाणा समजलो, आणि ज्याचं निभावलं नाही त्याला अक्कल शिकवली.

जूनमध्ये परत आलो. पेरण्या चालल्या होत्या. पंधरा दिवस मी वरच्या आळीकडं जायचं टाळलं. मग एका संध्याकाळी गेलो. तात्या सोप्यात घोंगड्यावर बसले होते. वहिनींनी चहा टाकला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर मी म्हटलं, "तात्या, ती सळई माझी हुती."

ते हसले. "आरं, मला काय म्हाईत न्हाई का? तुझ्याच पेटीतनं घेतली की मी."

"पोलिसांना माझं नाव का नाही सांगितलं?"

"सांगून?" त्यांनी पानाला चुना लावता लावता विचारलं. "सळई तुझी, खड्डा सरकारचा, चढ देवाचा, अन् घाई माझी. किती जणांची नावं सांगू? ट्रॉली माझ्या मागं हुती."

माझ्या छातीवरचं ओझं उतरल्यासारखं झालं. आता उठावं म्हणून मी कप खाली ठेवला, तोच ते हळू आवाजात म्हणाले, "पारावर काय बोललास ते बी कळलं हुतं मला. सळईचं न्हाई काय वाटलं. ते लागलं."

मला काही बोलता आलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी तात्यांचे पाय धरले. त्यांनी पाय मागं घेतले आणि म्हणाले, "ऱ्हाऊं दे. चा गार झाला."

मी बाहेर पडताना वहिनी दारापर्यंत आल्या. त्यांनी सांगितलं, की दरवर्षी शाळू निघाला की तात्या एक पोतं त्या शेजारच्या गावच्या घरी पाठवतात. पहिली तीन वर्षं त्या बाईनं पोतं परत पाठवलं. चौथ्या वर्षी ठेवून घेतलं. तेव्हापासून कधी चुकलेलं नाही. कोर्टानं सांगितलेलं नाही, गावाला माहीत नाही. भाऊबंद असून मला माहीत नव्हतं. मी मनात हिशोब केला. वीसच्या वर पोती झाली. माझं त्यात एकही नाही.

पुढच्या फेब्रुवारीत दोन पोती गेली. दुसरं कुणाचं, हे त्या घरी सांगू नका, असं मी तात्यांना म्हटलं होतं. ते म्हणाले, "मी न्हाई सांगणार. सांगायचं असंल तर तू जा." मी अजून गेलेलो नाही. जाऊन त्या बाईच्या पुढं बसून काय म्हणायचं, ते मला कळत नाही. 'माझीही चूक होती' असं म्हणून मी तिला काय देणार? माझंच ओझं तिच्या दारात उतरवून येण्यासारखं होईल का? की न जाणं हा पुन्हा जुनाच भित्रेपणा? दोन्ही खरं वाटतं. ह्याचं उत्तर माझ्याकडं नाही, आणि आहे असं इथं दाखवणार नाही.

जेवढं हातात होतं तेवढं केलं. आता ट्रॅक्टर मुलगा चालवतो. त्याच्या दोन्ही ट्रॉल्यांना मी वेल्डरकडनं पक्क्या कड्या बसवून घेतल्या आणि दांड्याला जाड साखळ्या लावल्या. प्रत्येक पिनेची लॉकपीन सुतळीनं दांड्यालाच बांधलीय, म्हणजे पाचटात पडायला नको. पाठीमागं रिफ्लेक्टर लावले. ट्रॉल्यांचा विमा उतरवला. पोरगा पहिल्यांदा चिडला. म्हणाला, "दादा, साखळी रस्त्यानं नुसती खुळखुळ वाजती. ड्रायव्हर लोक हसत्यात." मी म्हटलं, "हसू दे." मग त्यानं तोच प्रश्न विचारला, जो मी त्या म्हाताऱ्याला विचारला होता. इतक्या हंगामात साखळी कधी कामाला आली का? मी म्हटलं, "नाही. आणि येऊ नये."

परवा हंगामाची पहिली खेप होती. ट्रॉल्या भरून रस्त्याला लावलेल्या, पोरगा नारळ फोडत होता. वरच्या आळीकडनं तात्या काठी टेकत आले. आता पंचाहत्तरीच्या पुढं गेलेत, कमरेत वाकलेत. कुणाशी न बोलता ते दोन ट्रॉल्यांच्या मधे गेले. काठी ट्रॉलीला टेकवून ठेवली, खाली बसले आणि पिनेच्या खालच्या टोकाला हात घालून चाचपून बघितलं. मग साखळी एकदा ओढून बघितली.

उठले, काठी घेतली, माझ्याकडं बघून मान हलवली आणि घराकडं निघून गेले.